कवितेसाठी हॉल कोण बुक करतं?

परभणी जिल्ह्यात कवींची टंचाई नाही. टंचाई आहे ती सतरंजी टाकणाऱ्यांची, पावत्या फाडणाऱ्यांची आणि ऑडिट वेळेवर भरणाऱ्यांची. कवितेमागं उभ्या राहणाऱ्या संस्था नेमकं काय करतात आणि त्यात आपण कुठं आहोत?

माझा नंबर त्रेचाळिसावा होता.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा एका कविसंमेलनात नाव दिलं. वेळ संध्याकाळी सहाची. प्रमुख पाहुणे साडेसातला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, राहिलेल्यांचा सत्कार आणि मनोगतं. माझं नाव पुकारलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. समोर दोनशे खुर्च्या आणि नऊ माणसं. त्यातले चौघं माझ्यानंतर वाचणारे कवी, एक साउंडवाला, एक वॉचमन, खुर्च्या गोळा करायला थांबलेली दोन पोरं आणि पहिल्या रांगेत एक काका.

काका मात्र शेवटपर्यंत ऐकत होते. उगाच मान डोलावणं नाही, मोबाईल नाही. मी खाली उतरलो तर म्हणाले, "कविता बरी आहे. शेवटच्या चार ओळी काढ. कुठला तू?"

"जिंतूरकडचा, सर. इथं हॉस्टेलला राहतो."

"मग सकाळी नऊला ये. खुर्च्या मोजून परत द्यायच्यात. आमच्याकडं पोरं नाहीत."

मी गेलो. खोटं कशाला बोलू, कवितेबद्दल अजून काहीतरी बोलतील या आशेनं गेलो. काका कवितेबद्दल काहीच बोलले नाहीत. खुर्च्या मोजल्या तर १९८ भरल्या. दोन कमी. त्याचे पैसे काकांनी स्वतःच्या खिशातून दिले आणि मग एक शंभर पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. "बेरीज कर," म्हणाले.

हॉल ४,०००. साउंड ३,५००. खुर्च्या २,०००. फ्लेक्स आणि पत्रिका २,४००. पाहुण्यांचा प्रवास आणि मानधन ६,०००. शाल-नारळ १,५००. चहा-नाश्ता २,०००. एकूण २१,४०० रुपये. जमेच्या बाजूला सभासदांची वर्गणी ९,०००, एका निवृत्त शिक्षिकेची देणगी ४,००० आणि एका दुकानदाराची जाहिरात ३,०००. म्हणजे १६,०००. तूट ५,४०० रुपयांची. कवींना मिळालेले पैसे शून्य. काकांना मिळालेलेही शून्य.

कविता लिहायला वही-पेन पुरतं. पण ती चार लोकांच्या कानावर घालायची तर कुणीतरी आधी हॉल बुक केलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नाव पत्त्यात, माणूस विस्मरणात

परभणीत 'बी. रघुनाथ' हे नाव आपण पत्त्यासारखं वापरतो. बी. रघुनाथ सभागृहाजवळ थांब, बी. रघुनाथ कॉलेजला आहे, असं. हे बी. रघुनाथ कोण, असं माझ्या वर्गात विचारलं तेव्हा निम्म्या पोरांना ते कुणी पुढारी वाटले होते.

भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचं नाव. जन्म १५ ऑगस्ट १९१३, सातोना या गावचा. काळ निजामाचा. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतून. मराठी पुस्तकं छापणारी मोठी केंद्रं पुण्या-मुंबईत, म्हणजे दुसऱ्याच राज्यात. अशा ठिकाणी बसून हा माणूस बांधकाम खात्यात कारकुनी करत होता आणि मराठीत लिहीत होता. १९४१ मध्ये त्यांचा 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह आला. कविता, कथा, कादंबऱ्या, ललित लेख, सगळं त्यांनी नोकरी सांभाळून लिहिलं. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करत असतानाच ते गेले. वय होतं चाळीस.

आता त्यांच्या नावानं सप्टेंबरमध्ये परभणीत महोत्सव होतो, आणि निजामाच्या काळापासून चालत आलेलं श्री गणेश वाचनालय त्यात पुढं असतं. छत्रपती संभाजीनगरला नाथ समूह आणि 'परिवर्तन' ही संस्था त्यांच्या स्मृतिदिनाला मराठी पुस्तकासाठी पुरस्कार देतात. हयात असताना ज्याला ऑफिसच्या फायली उपसत लिहावं लागलं, त्याच्या नावानं आज दुसऱ्या लिहिणाऱ्याचा सन्मान होतो. उशीर झाला, हे खरं. पण हे आपोआप झालेलं नाही. दरवर्षी कुणीतरी मीटिंग बोलावतं, वक्त्याला फोन करतं, पत्रिका छापतं, म्हणून ते होतं. एक वर्ष कुणी फोन केला नाही तर कुणी तक्रारही करणार नाही. नाव मग नुसतं पत्त्यात राहील.

आपल्या मातीतली माणसं

गंगाखेडला जनाबाईंचं जन्मगाव मानतात. त्या ज्यांच्या घरी राबल्या त्या नामदेवांचं नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे मराठी कवितेच्या पहिल्या-पहिल्या पिढीतली दोन घरं आपल्या वाटेवरची.

१९९५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं. ते ६८ वं संमेलन. अध्यक्ष नारायण सुर्वे. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला, स्वतः गिरणीत काम केलेला, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झालेला कवी. आमच्या मराठीच्या सरांच्या पिढीत त्या संमेलनाचा विषय निघाला की गप्पा थांबत नाहीत. कोण कुठं स्वयंसेवक होता, कुणी जेवणाचा मंडप सांभाळला, कुणाला कोणत्या कवीची सही मिळाली. गंमत म्हणजे भाषणांपेक्षा त्यांना स्वतः केलेलं काम जास्त आठवतं.

त्यानंतरही इथली माणसं लिहीत राहिली. इंद्रजित भालेराव यांनी 'पीकपाणी'पासून शेतकऱ्याच्या घरातली बोली थेट कवितेत आणली आणि परभणीतल्या ज्ञानोपासक महाविद्यालयात वर्षानुवर्षं मराठी शिकवलं. परभणीत राहून पत्रकारिता करणाऱ्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लिहायचं असेल तर पुण्यालाच जावं लागतं, हे आपण एकमेकांना सांगत असतो ना? ही उदाहरणं समोर ठेवून पुन्हा एकदा विचार करा.

संस्था म्हणजे नक्की कोण?

'साहित्य संस्था' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेजवरच्या शाली येतात. पण ही रचना समजून घेतली तर आपल्याला नेमकं कुठं जायचं ते कळतं.

सगळ्यात वर आहे अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ. १९६१ पासूनचं. दरवर्षीचं मोठं संमेलन हे महामंडळ घेतं. त्याच्या चार मूळ घटक संस्था आहेत: पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मुंबई मराठी साहित्य संघ आणि आपली मराठवाडा साहित्य परिषद. महामंडळाचं ऑफिस एका जागी नसतं. ते या चार ठिकाणी आळीपाळीनं फिरतं.

मराठवाडा साहित्य परिषद, म्हणजे आपली 'मसाप'. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, पण शाखा जिल्ह्या-तालुक्यांत. तिचं मुखपत्र 'प्रतिष्ठान'. संमेलनं, लेखिका संमेलनं, पुरस्कार, व्याख्यानं असं तिचं काम. निजामाच्या राजवटीत मराठी बोलणाऱ्यांनी आपल्या भाषेसाठी जे उभं केलं, त्याची ती वारस आहे. त्या काळात मराठी वाचनालय चालवणं किंवा मराठी सभा भरवणं हा नुसता छंद नव्हता.

दुसरा थर वाचनालयांचा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यानुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. पण लक्षात घ्या, ही बहुतेक वाचनालयं सरकारची नाहीत. ती लोकांनी काढलेल्या संस्थांची आहेत. सरकार फक्त हातभार लावतं. म्हणून गावातलं वाचनालय बंद पडतं तेव्हा 'सरकारनं बंद केलं' हे अर्धंच खरं असतं. पुस्तक न्यायला कुणी येत नव्हतं, कार्यकारिणीत नवं माणूस नव्हतं, हे उरलेलं अर्धं.

तिसरा थर छोट्या मंडळांचा. काकांचं मंडळ यातलंच. कुणाच्या तरी ओसरीवर, शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात महिन्याला एक बैठक. सात-आठ माणसं, एक कवी वाचणार, बाकीचे ऐकणार. नव्यानं लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग याच थराचा होतो. संमेलनात टाळ्या मिळतात, पण "शेवटच्या चार ओळी काढ" हे सांगणारा माणूस मंडळात भेटतो.

ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी काय केलं?

या संस्थांचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. मानापमान आहेत. स्टेजवर तीच ती माणसं आहेत. निवेदकाच्या चारोळ्या कवींच्या कवितांपेक्षा जास्त वेळ खातात. मुली वाचायला येतात, पण त्यांचा नंबर रात्री दहानंतर लागला तर हॉस्टेलचं गेट बंद होतं, हे यादी करणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. माझ्या वर्गातली एक मैत्रीण दोन वेळा न वाचताच परत गेली. तिसऱ्या वेळी तिनं नावच दिलं नाही.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट आहे. माझा उर्दू शाळेत शिकलेला मित्र मला एकदा मुशायऱ्याला घेऊन गेला. तिथं ऐकणारे गप्प बसतच नाहीत. आवडलेली ओळ कवीला पुन्हा वाचायला लावतात, दाद देतात, हसतात. मी त्याला आमच्या कविसंमेलनाला आणलं तर पाच मिनिटांनी त्यानं हळूच विचारलं, "कुणी वारलंय का?" एकाच शहरात दोन भाषांचे कवी, दोन हॉल, आणि या हॉलमधल्यांना त्या हॉलमधले माहीत नाहीत.

तक्रार रास्त आहे. पण तक्रार असणाऱ्यांनी आपल्या मराठवाड्यातच काय केलं ते बघा. प्रस्थापित मासिकांच्या पानांवर दलित लेखकांना जागा नव्हती, तेव्हा मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' उभं केलं. हे नियतकालिक त्यांनी दशकानुदशकं चालवलं आणि त्याचे लेखक-वाचक मेळावेही घेतले. किती तरी लेखकांचं पहिलं लेखन तिथं छापून आलं. तिकडं धुळ्याला पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये 'कवितारती' सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं द्वैमासिक, तेही मुंबई-पुण्याबाहेरून. मागं मोठी कंपनी नव्हती. वर्गणीदार होते आणि चिकाटी होती.

नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानानं २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. कल्पना एकदम साधी. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडं द्यायची, ती त्यांनी सांभाळायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. इमारत नको, ग्रंथपाल नको. पेट्या फिरत फिरत परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या.

जात्यावरची लायब्ररी

मला सगळ्यात भारी वाटलेलं काम मात्र वेगळंच आहे. आपल्या आज्या जात्यावर दळताना ओव्या म्हणायच्या. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या थांबल्या. त्या लिहिलेल्या नव्हत्याच. म्हणजे बाई गेली की तिची कविताही गेली.

पुण्याच्या एका सामाजिक संशोधन संस्थेतले हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या. पुढं हा सगळा ठेवा 'पारी'कडं, म्हणजे पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडं आला आणि आता तो कुणालाही मोफत ऐकता येतो. त्यात आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसचा आवाज आहे. गाणाऱ्या बाईंचं नाव, गाव, सगळं नोंदवलेलं आहे. ज्या बायकांना घरातसुद्धा कुणी 'कवयित्री' म्हटलं नसेल, त्यांची नावं एका ना-नफा संस्थेच्या कामामुळं टिकली.

हे ऐकल्यावर मी गावाकडं आजीला फोन केला. म्हटलं, तुला येतात का ओव्या? ती म्हणाली, "जातं कुठंय आता? जात्याबगर येत नाहीत." सुट्टीत गेलो तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यातलं जातं धुऊन तिच्यासमोर मांडलं. खुंटा हातात धरला आणि तिला एकोणतीस ओव्या आठवल्या. मोबाईलवर रेकॉर्ड केल्यात. संस्थेचं काम म्हणजे तरी शेवटी काय, असं जातं समोर मांडून देणंच.

पैशाचं काय?

आता कटू विषय. कवितेला पैसे देतं कोण?

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. शिकागोत १९१२ पासून 'पोएट्री' नावाचं मासिक निघतं. औषध कंपनीच्या घराण्यातल्या रूथ लिली या वयस्क बाई तिथं कविता पाठवायच्या. मासिकानं त्यांच्या कविता परत पाठवल्या. पण संपादकांनी छापील चिठ्ठीवर भागवलं नाही, स्वतःच्या हातानं चार ओळी लिहून नकार कळवला. २००२ मध्ये याच बाईंनी त्या मासिकाच्या संस्थेला दहा कोटी डॉलरहून अधिक संपत्ती देऊन टाकली. एकही कविता छापून आलेली नसताना! त्यातून आजचं 'पोएट्री फाउंडेशन' उभं राहिलं.

आपल्याकडं रूथ लिली नाहीत. निवृत्त शिक्षिकेचे चार हजार आहेत. पण तत्त्व तेच आहे. नकार देतानाही संस्थेनं माणसाशी नीट वागावं, कारण माणूस लक्षात ठेवतो.

आता उलटी बाजू. माझ्या रूममेटला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: 'आपली राज्यस्तरीय काव्यरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे. नोंदणी शुल्क ७०० रुपये.' पोरानं मेसचे पैसे भरले. एका मंगल कार्यालयात गेला तर रांगेत दीडशे 'काव्यरत्न'. प्रत्येकाला ट्रॉफी, सन्मानपत्र आणि फोटोसाठी दहा सेकंद. त्याची कविता कुणी वाचलीच नव्हती, कारण कुणी मागितलीच नव्हती. त्या रात्री तो काही बोलला नाही. ट्रॉफी अजून पलंगाखाली आहे.

अशा ठिकाणी एक साधा प्रश्न विचारायचा: पैसा कवीकडून संस्थेकडं जातोय की संस्थेकडून कवीकडं? सभासदाची वर्गणी वेगळी. तिची पावती मिळते, सभेत हिशेब विचारता येतो. पण पुरस्कारासाठी शुल्क मागणारा पुरस्कार देत नसतो, विकत असतो. खरी संस्था तिचा नोंदणी क्रमांक सांगते, परीक्षकांची नावं सांगते आणि मुख्य म्हणजे तुमची कविता वाचायला मागते.

सात माणसं आणि एक फाइल

नोंदणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण आपल्याला हे कुणी शिकवत नाही. संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी होते आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही. हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चालतं. संस्थेची घटना लागते, उद्देश लागतात, बँक खातं लागतं. नंतर दरवर्षी ऑडिट. दरवर्षी सर्वसाधारण सभा आणि तिचं इतिवृत्त. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदलाची नोंद द्यायची, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात.

ऐकायला कंटाळवाणं आहे. आहेच. पण मंडळं भांडणानं बुडतात त्याहून जास्त या कंटाळ्यानं बुडतात. हिशेब वर्षानुवर्षं दिला नाही तर नोंदणीच धोक्यात येते. नोंदणी नाही तर देणगीदाराला करात सवलत नाही, अनुदान नाही, संस्थेच्या नावानं हॉलसुद्धा नीट मिळत नाही.

काकांच्या मंडळाचं नेमकं हेच झालं होतं. कार्यकारिणीत सात जण. दोघं वारलेले, एक मुलाकडं पुण्याला कायमचा गेलेला. उरलेल्या चौघांत सगळ्यात तरुण काका, वय ६८. गुडघे दुखतात, बँकेचं अॅप उघडता येत नाही, ऑडिट दोन वर्षं राहिलेलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी सरळ सांगितलं, "या वर्षी तीन माणसं मिळाली तर ठीक. नाहीतर खातं बंद करून उरलेली पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकू. भांडण नको, रडणं नको."

पंचवीसेक वर्षं चाललेलं मंडळ. दोन लोखंडी कपाटं पुस्तकं, एक माईक, बावीस इतिवृत्ताच्या वह्या. त्या वह्यांमध्ये किती तरी जणांच्या पहिल्या कवितेची तारीख आहे.

मी हॉस्टेलवर आलो आणि बोललो. एक मित्र बीकॉमचा. कवितेशी त्याचा काही संबंध नाही, पण म्हणाला, "हिशेब मी बघतो, मला सीएकडं आर्टिकलशिपला जायचंच आहे, शिकायला मिळंल." हॉस्टेलच्या गेटमुळं दोनदा परत गेलेली माझी मैत्रीण म्हणाली, "येते, पण कार्यक्रमाची वेळ मी ठरवणार." तिसरा मी. चेंज रिपोर्टवर आमच्या तिघांच्या सह्या झाल्या. मी सहसचिव.

घरी फोन करून सांगितलं. पप्पा म्हणाले, "बरं झालं. पगार किती?" म्हटलं, उलट वर्गणी भरायचीय. दोन मिनिटं लाइनवर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "पाठवतो."

आम्ही तिघांनी मिळून तीन नियम केले. एक, कविता संध्याकाळी साडेपाचला सुरू, साडेआठला बंद. दोन, पहिल्यांदा वाचणारे आधी वाचतील आणि सत्कार शेवटी. तीन, फक्त वीस कवी, त्यांतले चार तरी उर्दूतले. काकांनी दुसऱ्या नियमाला विरोध केला. "सत्कार शेवटी ठेवला तर पाहुणे रागावतील." मैत्रीण म्हणाली, "काका, रागावू द्या. नाहीतर शेवटच्या कवीला तुम्ही एकटेच ऐकणार." काका हसले आणि इतिवृत्तात लिहून घेतलं.

तूट अजून आहेच. माईक जुना आहे, हॉलचं भाडं वाढलंय. हे मंडळ पाच वर्षं टिकेल का, मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी मी नोकरीसाठी परभणीत असेन का, हेही नाही. म्हणून इतिवृत्ताच्या वहीत आम्ही सगळ्यांचे फोन नंबर, बँकेचे कागद, फाइल कुठल्या कपाटात आहे, सगळं लिहून ठेवलंय. आमच्यानंतर येणाऱ्याला विचारत फिरायला नको.

सुरुवात कुठून करायची?

- आपल्या गावातलं, तालुक्यातलं वाचनालय शोधा आणि सभासद व्हा. सभासदालाच सभेत बोलता येतं.
- मसापची जवळची शाखा कुठं आहे, ते मराठीच्या प्राध्यापकांना विचारा. त्यांच्यापैकी कुणी ना कुणी सभासद असतंच.
- पहिलं पुस्तक तयार असेल तर खिशातले पैसे घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे.
- साहित्य अकादमी २०११ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना युवा पुरस्कार देते. रक्कम ५० हजार रुपये. तिथं पोचायला वेळ लागेल, पण आधी ज्यांना मिळाला त्यांची पुस्तकं वाचायला आजच सुरुवात करता येते.
- आजी घरी असेल तर मोबाईलचं रेकॉर्डर सुरू करा. तिचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.
- कविता येत नसेल तरी चालेल. हिशेब येतो? पोस्टर करता येतं? गाडी आहे? मंडळांना याच माणसांची जास्त गरज आहे.

आमचा पुढचा कार्यक्रम सप्टेंबरमध्ये आहे. मी त्या कवितेच्या शेवटच्या चार ओळी काढल्यात. काका म्हणतात, आता अजून दोन निघतील. ते बघू. सध्या वीस कवींची यादी झालीय, दोनशे खुर्च्या सांगितल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या मोजायला माणसं कमी आहेत. येणार का?